सेतीफचा विफाक

अल्जीरियाच्या पूर्व भागातील सेतीफ या शहरात फुटबॉलचे एक मैदान आहे. त्याला कुणा नेत्याचे, दानशूराचे किंवा खेळाडूचे नाव दिलेले नाही. त्याचे नाव एक तारीख आहे : 8 मे 1945. शहराच्या विमानतळालाही हीच तारीख दिलेली आहे. सेतीफची मुले तिकीट काढून, काळ्या-पांढऱ्या रंगाचे मफलर गळ्यात घालून, आरडाओरडा करीत त्या तारखेत शिरतात आणि जिंकून किंवा हरून बाहेर पडतात. ज्या तारखेला त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीवर गोळ्या चालल्या, ती त्यांनी रडण्यासाठी राखून ठेवलेली नाही, खेळण्यासाठी वापरात ठेवली आहे. ही गोष्ट मला फार विचार करायला लावते.

सेतीफ राजधानी अल्जीयर्सपासून सुमारे 300 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1100 मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येते. पण इथे गव्हाची शेते आहेत आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. रोमन काळातही हे प्रांताचे ठिकाण होते. शहराच्या मध्यभागी 'ऐन फुवारा' नावाचे चार तोंडांचे कारंजे आहे. त्यावरच्या फ्रेंच काळातील पुतळ्यावरून पुष्कळ वाद झाले, अजूनही होतात. पाण्याबद्दल मात्र वाद नाही. ज्याने ऐन फुवाराचे पाणी एकदा प्यायले, तो सेतीफला परत येतोच, अशी तिथली समजूत आहे. श्रद्धा म्हणून ती कुणी मानावी असे नाही, पण या शहरातील फुटबॉल संघाचा इतिहास वाचताना ती पुन्हा पुन्हा आठवते.

संघाचे फ्रेंच नाव 'आँतांत स्पोर्तीव्ह सेतीफियेन', स्थापना 1958. अरबीत त्याला 'विफाक सेतीफ' म्हणतात. विफाक म्हणजे एकोपा, जुळवून घेणे. शब्द आपल्याला परका वाटायला नको. आपण दुआ मागताना 'अल्लाह तौफीक दे' म्हणतो, एखादी गोष्ट योगायोगाने घडली तर 'इत्तेफाक' म्हणतो, आणि शेजारच्या मराठी घरात 'माफक दर', 'माफक अपेक्षा' असे जे म्हणतात तो 'माफक'देखील 'मुवाफिक'चाच मराठी अवतार आहे. ही सगळी एकाच अरबी धातूची लेकरे. तर या एकोप्याची कहाणी समजून घ्यायची, तर आधी त्या तारखेकडे जावे लागते.

8 मे 1945 रोजी मंगळवार होता, सेतीफच्या आठवडी बाजाराचा दिवस. त्याच दिवशी युरोपात जर्मनीच्या शरणागतीचा आनंद साजरा होत होता. फ्रान्सच्या बाजूने लढताना हजारो अल्जीरियन मुसलमान सैनिकांनी प्राण दिले होते. साहजिकच लोकांना वाटले, स्वातंत्र्याचा विजय झाला असेल तर त्यातला थोडा वाटा आपलाही असावा. रेल्वे स्थानकाजवळच्या मशिदीपासून मिरवणूक निघाली. पुढे मुस्लिम स्काउटची मुले होती, हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहायचे होते. नेते मसाली हाज यांची सुटका करा आणि अल्जीरियाला स्वातंत्र्य द्या, असे फलक होते. अल्जीरियाचा झेंडा हाती धरणारा तरुण स्काउट साल बूझीद याला पोलिसांनी गोळी घातली. संतापलेल्या लोकांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत युरोपीय वसाहतवाल्यांवर हल्ले केले, त्यात सुमारे 100 जण मारले गेले. तेही निरपराधच होते, हे लपवण्याचे कारण नाही. त्यानंतर फ्रेंच लष्कराने आणि हत्यारबंद वसाहतवाल्यांनी जो सूड घेतला तो कित्येक आठवडे चालला. खेड्यांवर विमानांतून बॉम्ब पडले, समुद्रातून युद्धनौकेने तोफा डागल्या. फ्रेंच सरकारने मृतांचा आकडा हजाराच्या आसपास सांगितला, अल्जीरियात 45000 सांगितला जातो, इतिहासकारांचे अंदाज या दोहोंच्या मध्ये आहेत.

त्या वेळी सेतीफच्या शाळेत शिकणारा 15 वर्षांचा कातिब यासीन पकडला गेला. मुलगा मेला अशी समजूत होऊन त्याच्या आईच्या मनावर जो आघात झाला, त्यातून ती पुन्हा सावरली नाही. पुढे तो अल्जीरियाचा मोठा लेखक झाला. गावात औषधांचे दुकान चालवणारे फरहात अब्बास यांनाही अटक झाली. 1958 मध्ये ते स्वतंत्र अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे पहिले अध्यक्ष झाले. आणि याच गावात रशीद मखलूफी नावाचा एक मुलगा होता, तेव्हा अवघा आठ वर्षांचा. त्याच्याकडे आपण परत येऊ.

फ्रेंच राजवटीत फुटबॉल हा नुसता खेळ नव्हता. 1921 मध्ये अल्जीयर्समध्ये मुसलमानांनी जो संघ काढला त्याचे नाव 'मौलूदिया' ठेवले, मौलूदच्या, म्हणजे प्रेषितांच्या जन्मदिनाच्या नावावरून. इतर अनेक संघांच्या नावात 'मुस्लिम' हा शब्द मुद्दाम घातलेला असे. सेतीफमध्येही असा मुस्लिम संघ होता. कॉन्स्टंटाईन शहरात 1939 मध्ये निघालेल्या मौलूदिया संघामागे तर शेख अब्दुल हमीद बिन बादीस यांची प्रेरणा होती. बिन बादीस म्हणजे अल्जीरियन उलेमांच्या संघटनेचे संस्थापक, कुरआनचे भाष्यकार. त्यांच्यामागे या संघटनेची धुरा सांभाळणारे शेख बशीर अल-इब्राहीमी हेही सेतीफच्याच परिसरातले. आपल्याकडे अजूनही काही घरांत पोराने चेंडूला पाय लावला की 'दीनही नाही, दुनियाही नाही' असे ऐकावे लागते. अल्जीरियाच्या या आलिमांना तसे वाटले नाही. मदरसा, स्काउटची तुकडी आणि खेळाचा संघ या तिन्ही ठिकाणी मुलगा शिस्त शिकतो आणि आपण कोण आहोत हे विसरत नाही, असा त्यांचा हिशेब होता. सरकारलाही हे कळत होते. म्हणूनच मुस्लिम संघांत ठराविक संख्येने युरोपीय खेळाडू असलेच पाहिजेत, असे फर्मान निघाले होते.

1954 मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले. 1956 मध्ये राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या हाकेनुसार मुस्लिम संघांनी फ्रेंच स्पर्धांतून अंग काढून घेतले. पण अल्जीरियाचे उत्तमोत्तम खेळाडू फ्रान्समधल्या संघांतून खेळतच होते. त्यांत सेतीफचे तिघे होते : मुख्तार अरीबी, अब्दुल हमीद करमाली आणि रशीद मखलूफी. मखलूफी तेव्हा 21 वर्षांचा होता. सेंट एटिएनसाठी खेळून फ्रान्सची साखळी स्पर्धा जिंकलेला, स्वीडनमधल्या 1958 च्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळेल असे ज्याच्याबद्दल सर्वांना वाटत होते असा. शिवाय तो फ्रेंच लष्करात सक्तीची सेवाही करीत होता. पळून जाणे म्हणजे लष्करातून फरार होणे.

एप्रिल 1958 मध्ये अरीबी आणि करमाली मोटारीने त्याला न्यायला आले. ते स्वित्झर्लंडची सीमा ओलांडून, इटलीमार्गे ट्युनिसला पोहोचले. त्याच दिवसांत इतर शहरांतूनही खेळाडू असेच निसटले आणि ट्युनिसमध्ये मुक्ती आघाडीचा फुटबॉल संघ उभा राहिला. ज्या देशाला अजून देश म्हणून मान्यता नाही, त्याचा हा राष्ट्रीय संघ. जागतिक फुटबॉल महासंघाने त्याच्याशी खेळण्यावर बंदी घातली. तरी पूर्व युरोप, अरब देश, चीन, व्हिएतनाम असे फिरत या संघाने चार वर्षे सामने खेळले आणि जिथे जाईल तिथे अल्जीरियाचा झेंडा फडकवला, राष्ट्रगीत वाजवले. पगार, घर, प्रसिद्धी सगळे मागे सोडून गेलेली ही मंडळी ऐन भरातील चार वर्षे देऊन बसली. खेळाडूच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात खेळाडू आहे त्याला विचारा.

सेतीफचा विफाक त्याच 1958 सालचा. त्याच्या खऱ्या स्पर्धात्मक आयुष्याला सुरुवात झाली ती 1962 च्या स्वातंत्र्यानंतर, आणि काय सुरुवात! स्वतंत्र अल्जीरियाचा पहिला राष्ट्रीय चषक 1963 मध्ये खेळला गेला. अंतिम सामन्यात सेतीफ आणि मुस्तगानम यांची 1-1 अशी बरोबरी झाली, सामना पुन्हा खेळवला गेला आणि सेतीफने 2-0 ने तो जिंकला. राजधानी नव्हे, ओरान नव्हे, कॉन्स्टंटाईन नव्हे. पठारावरच्या एका मध्यम शहराचे नाव त्या चषकावर सर्वांत आधी कोरले गेले. 1964 मध्ये पुन्हा तेच. 1967 मध्ये तिसऱ्यांदा. 1968 मध्ये चषक आणि साखळी स्पर्धा दोन्ही. परदेशात नाव कमावलेले मुख्तार अरीबी आता गावी परतले होते आणि या संघाला घडवत होते.

मखलूफीची गोष्ट थोडी निराळी. तो सेंट एटिएनला परत गेला. ज्या फ्रान्समधून तो पळाला होता तिथल्या प्रेक्षकांनी त्याला स्वीकारले, संघाचा कर्णधार केले. 1968 च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात संघाचे दोन्ही गोल त्यानेच केले आणि चषक स्वीकारला तो राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हातून. 1945 च्या मे महिन्यात फ्रान्सच्या हंगामी सरकारचे प्रमुख हेच द गॉल होते. सेतीफचा तो आठ वर्षांचा मुलगा त्यांच्यासमोर ताठ मानेने उभा होता. पुढे तोही मायदेशी आला. 1982 च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला 2-1 ने हरवले तेव्हा संघाच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक मखलूफी होते. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने खेळात सुधारणा आणल्या आणि प्रत्येक मोठा संघ एकेका सरकारी कारखान्याच्या किंवा महामंडळाच्या गळ्यात बांधला. अल्जीयर्सच्या मौलूदियाला तेलाचे खाते मिळाले, तिझी उझूच्या संघाला विजेच्या उपकरणांचे. सेतीफच्या वाट्याला आले प्लास्टिक! काही वर्षे संघाचे अधिकृत नावच 'आँतांत प्लास्टिक' असे होते. ऐकायला हसू येते, पण खेळाडूंना नोकरी आणि नियमित पगार मिळू लागला हेही खरे. 1980 मध्ये आणखी एक चषक आला आणि 1987 मध्ये साखळी स्पर्धेचे दुसरे विजेतेपद.

आणि मग ते अजब वर्ष उजाडले. देशाचा विजेता म्हणून 1988 च्या आफ्रिकी विजेत्यांच्या स्पर्धेत सेतीफला प्रवेश होता. पण त्याच काळात घरच्या साखळीत संघ इतका ढासळला की त्याची थेट दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या श्रेणीतही ज्याला जागा नाही असा संघ आफ्रिकेतल्या सर्वश्रेष्ठ संघांशी खेळत होता. प्रशिक्षक होते मुख्तार अरीबी, आता साठी ओलांडलेले. उपांत्य फेरीत गाठ पडली ती कैरोच्या अल-अहलीशी, आदल्या वर्षीच्या विजेत्याशी. घरी सेतीफने 2-0 ने जिंकले, कैरोत तितक्याच गोलांनी हरले आणि पेनल्टीवर 4-2 ने पुढे गेले.

देशाची अवस्थाही बिकट होती. तेलाचे भाव कोसळलेले, दुकानांत माल नाही, तरुणांना काम नाही. 5 ऑक्टोबर 1988 रोजी अल्जीयर्समध्ये उद्रेक झाला, इतर शहरांत पसरला, लष्कराने गोळीबार केला, शेकडो लोक, बहुतेक तरुण पोरे, मारली गेली. स्वातंत्र्यानंतर सव्वीस वर्षांनी आपल्याच लष्कराच्या गोळ्या. अशा हिवाळ्यात अंतिम सामना आला. नायजेरियाच्या इवुआन्यान्वू संघाने इबादानमध्ये पहिला सामना 1-0 ने जिंकला. परतीचा सामना डिसेंबरमध्ये कॉन्स्टंटाईनच्या मोठ्या मैदानावर झाला. सेतीफने तो 4-0 ने जिंकला. दुसऱ्या श्रेणीतला संघ आफ्रिकेचा विजेता! पुढच्या वर्षी आशियाचा विजेता असलेल्या कतारच्या अल-सद्दलाही सेतीफने दोन्ही सामन्यांत हरवले आणि आफ्रो-आशियाई विजेतेपद मिळवले. अरीबी 1989 मध्येच अल्लाहला प्यारे झाले. त्यांचे जुने सोबती करमाली यांच्या मार्गदर्शनाखाली अल्जीरियाने 1990 चा आफ्रिकी राष्ट्रचषक जिंकला. मोटारीत बसून सीमा ओलांडलेल्या त्या तिघा सेतीफकरांचा हिशेब असा पूर्ण झाला.

नव्वदचे दशक अल्जीरियासाठी रक्ताचे होते आणि विफाकसाठी रिकामे. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. संघ पुन्हा उभा राहिला तो 2005 नंतर, आणि पुन्हा एका घरच्याच माणसामुळे. 1988 च्या संघातला बचावपटू अब्दुल हकीम सरार आता अध्यक्ष झाला होता. प्रशिक्षक राबह सादान यांच्यासह 2007 मध्ये देशाची साखळी आणि अरब विजेत्यांची स्पर्धा दोन्ही जिंकल्या. 2008 मध्ये मोरोक्कोच्या विदादला हरवून अरब विजेतेपद राखले.

2014 चा संघ मात्र वेगळाच होता. त्यात मोठे नाव कुणाचेच नव्हते. प्रशिक्षक खैरुद्दीन मादवी 37 वर्षांचे, सेतीफमध्येच जन्मलेले, याच संघातून खेळलेले. आफ्रिकी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत काँगोच्या बलाढ्य माझेम्बेला त्यांनी परक्या मैदानावर केलेल्या गोलांच्या नियमावर मागे टाकले. अंतिम सामन्यात किन्शासाच्या व्हिता क्लबशी तिकडे 2-2 अशी बरोबरी झाली. परतीचा सामना ब्लिदा शहरात 1 नोव्हेंबर 2014 रोजी होता. 1 नोव्हेंबर 1954 रोजी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले होते, त्याला त्या दिवशी बरोबर 60 वर्षे होत होती. सेतीफने पहिला गोल केला, पाचेक मिनिटांत व्हिताने बरोबरी केली, आणि मग जवळजवळ 35 मिनिटे असा खेळ चालला की आणखी एक गोल झाला असता तर सगळे हातचे जाणार होते. तो झाला नाही. 1-1. परक्या मैदानावरचे दोन गोल कामी आले. ही स्पर्धा 1997 मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाल्यापासून ती जिंकणारा हा पहिला अल्जीरियन संघ.

त्यानंतर मोरोक्कोत झालेल्या जागतिक क्लब स्पर्धेत खेळणारा पहिला अल्जीरियन संघही सेतीफच होता, पण तिथे न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीकडून 1-0 अशी हार पत्करून पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले. फेब्रुवारी 2015 मध्ये आफ्रिकेच्या सुपर चषकात समोर पुन्हा अल-अहली होती, आणि 1988 सारखाच निकाल पेनल्टीवर लागला, सेतीफच्या बाजूने.

आजवर विफाकच्या नावावर देशाच्या साखळीची 8 आणि राष्ट्रीय चषकाची 8 विजेतेपदे आहेत. पण राजधानीतल्या संघांमागे आता मोठमोठ्या सरकारी कंपन्यांचा पैसा आहे. मौलूदियामागे तेल कंपनी आहे, दुसऱ्या एका संघामागे बंदरांची कंपनी. सेतीफमध्ये एखादा मुलगा चमकला की दोन-तीन हंगामांत तो राजधानीला, आखातात किंवा युरोपला जातो. त्याला दोष कसा द्यायचा? घर चालवायचे असते, खेळाडूचे वय फार लवकर सरते. 2018 आणि 2022 मध्ये विफाक आफ्रिकेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा अल-अहलीने त्याला रोखले.

2014 च्या यशानंतर मादवीही प्रशिक्षक म्हणून सौदी अरबमध्ये गेले. नंतर ते सेतीफला परतले आणि 2017 मध्ये संघाला आठव्यांदा साखळीचे विजेतेपद मिळवून दिले.